इथिओपियाला जायचंय? मराठी प्रवाशांचे नेहमीचे प्रश्न

आफ्रिकेची सहल म्हटली की आपल्याकडे मसाई मारा, नाहीतर केपटाउन. इथिओपियाचं नाव काढलं की समोरचा आधी "तिथे बघायला काय आहे?" विचारतो आणि लगेच "तिथे भांडणं चालू आहेत ना?" हेही विचारतो. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पुढची उत्तरं स्वतः आखणी करून जाणाऱ्यांसाठी आहेत. माझा कल आधीच सांगतो: ठिकाणं थोडी धरा, मुक्काम जास्त करा आणि शहरातून शहरात विमानाने जा.

नक्की बघायचं काय? सिंह-जिराफ दिसतात का?

सिंह-जिराफांसाठी जात असाल तर केनियाच बरा. इथिओपियाला जायचं ते दोन गोष्टींसाठी. एक, अखंड वापरात असलेला फार जुना वारसा. अक्सुम या प्राचीन राज्याच्या एझाना राजाने चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि तिथली चर्च आजही पहाटे भाविकांनी भरलेली असतात. प्रार्थना चालते ती गीझ भाषेत. रोजच्या बोलण्यातून ती केव्हाच गेली, पण देवळात टिकली. दुसरी गोष्ट म्हणजे डोंगर. देशाचा मोठा भाग उंच पठारावर आहे आणि तिथले काही प्राणी जगात दुसरीकडे कुठेच नाहीत: गवत खाणारी गेलाडा माकडं, वालिया रानबकरे, इथिओपियन लांडगे.

शाळेत वाचलेला "दुष्काळी देश" डोक्यात असेल तर सप्टेंबरअखेरचं पठार बघा. पाऊस ओसरलेला असतो आणि उतारावर मेस्कलची पिवळी फुलं पसरलेली असतात.

सुरक्षित आहे का? खरं सांगा.

सगळीकडे नाही. टिग्रे प्रदेशातलं युद्ध नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रिटोरियात करार होऊन थांबलं. ते थांबतं न थांबतं तोच ऑगस्ट २०२३ पासून शेजारच्या अम्हारा प्रदेशात सरकारी सैन्य आणि फानो नावाचे सशस्त्र गट यांच्यात झटापटी सुरू झाल्या. अडचण अशी की लालिबेला, गोंदार, बहिर दार आणि सिमियन पर्वत ही प्रवाशांची लाडकी ठिकाणं अम्हारातच येतात. ओरोमियाच्या काही भागांतही सशस्त्र गटांचा वावर आहे.

म्हणून तिकीट काढण्याआधी आणि निघण्याच्या आठवड्यात, असं दोनदा राजधानी अदिस अबाबातल्या भारतीय दूतावासाच्या सूचना वाचा. लालिबेला करायचंच असेल तर विमानाने जा आणि विमानानेच परत या. "जाता जाता रस्त्यात अमुक बघून घेऊ" हा आपला आवडता प्रकार इथे नको. विमा घेताना पॉलिसीतले वगळलेले प्रदेश वाचा. सरकारने "जाऊ नका" म्हटलेल्या भागात विमा बहुतेक वेळा लागू होत नाही.

राजधानीत मात्र धोका आहे तो पाकीटमारांचा. मेर्कातो बाजारात गळ्यात कॅमेरा लटकवून फिरू नये, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

कुठल्या महिन्यात जावं?

मुख्य पावसाळा जून ते सप्टेंबर. ऑक्टोबर ते मार्च हा काळ सर्वांत चांगला. पण मी महिना न बघता सण बघायला सांगेन. २७ सप्टेंबरला मेस्कल, म्हणजे क्रूस सापडल्याचा सण असतो. त्याच्या आदल्या संध्याकाळी अदिसच्या मेस्कल चौकात मोठी होळी पेटते. ७ जानेवारीला गेन्ना, म्हणजे त्यांचा नाताळ, लालिबेलात. १९ जानेवारीला टिम्कत, म्हणजे येशूच्या बाप्तिस्म्याचा सण. गोंदारमध्ये सम्राट फासिलिदसच्या नावाचा दगडी हौद आहे, तो एरवी कोरडा असतो आणि टिम्कतसाठी भरतात. पहाटे धर्मगुरूंनी पाणी मंत्रवलं की पोरंटोरं त्यात उड्या घेतात. लीप वर्षाच्या हिशोबाने या तारखा कधीकधी एक दिवस पुढे सरकतात, त्यामुळे नक्की करून घ्या. सणाच्या दिवसांत खोल्यांचे दर कडाडतात हेही धरून चाला.

व्हिसा आणि लस?

भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो. अर्ज सरकारी संकेतस्थळावरूनच करा, कारण तशीच नावं घेतलेली दलालांची संकेतस्थळं भरपूर आहेत. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी.

यलो फीव्हरची लस ही खरी मेख आहे. अडवणूक तिकडे जाताना होईल असं लोकांना वाटतं, ती होते घरी परतताना. भारत सरकार इथिओपियाला यलो फीव्हरचा देश मानतं. तिथून परतताना वैध प्रमाणपत्र नसेल तर भारतीय विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची आणि ती सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. फॅमिली डॉक्टरकडे नाही. एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि साठी ओलांडलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

मुंबईहून थेट विमान आहे का?

आहे. इथिओपियन एअरलाइन्सचं, साधारण साडेपाच-सहा तासांचं. घड्याळ अडीच तास मागे करायचं. याच कंपनीच्या आंतरराष्ट्रीय तिकिटावर गेलात तर देशांतर्गत तिकिटं बरीच स्वस्त पडतात, म्हणून दोन्ही एकाच कंपनीची घेण्यात शहाणपण आहे. देशांतर्गत विमानांच्या वेळा बदलतात. परतीच्या विमानाआधीचा एक दिवस अदिसमध्ये मोकळा ठेवाच.

वेरूळ बघितलंय. मग लालिबेलासाठी एवढ्या लांब कशाला जायचं?

हा प्रश्न मराठी माणूसच विचारू शकतो आणि मला तो फार आवडतो. कैलास लेण्यासारखीच लालिबेलाची चर्च डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणली आहेत. खडकही दोन्हीकडे ज्वालामुखीचाच. कैलास आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळातलं. लालिबेलाची अकरा चर्च परंपरेने झाग्वे घराण्यातल्या लालिबेला राजाची मानली जातात, म्हणजे बाराव्या शतकाची अखेर आणि तेराव्याची सुरुवात. जेरुसलेम मुसलमानांच्या हाती गेल्यावर इथेच नवं जेरुसलेम उभारायचं राजाने ठरवलं असं सांगतात. मधून वाहणाऱ्या ओढ्याचं नावही योर्दानोस.

आकाराने आणि शिल्पकामाने कैलास कितीतरी थोर आहे, यात वाद नको. लालिबेलात भिंती बऱ्याचशा साध्या आहेत. बेते गियोर्गिस हे क्रूसाच्या आकाराचं चर्च सुमारे १२ मीटर खोल खड्ड्यात उभं आहे आणि काठावर पोचेपर्यंत दिसतच नाही. पण फरक आहे तो वापराचा. वेरूळला आपण तिकीट काढून वारसा बघतो. लालिबेलात पहाटे पाचला पांढऱ्या शाली पांघरलेली माणसं भिंतींना कपाळ टेकवत उभी असतात, ढोल घुमतो, धर्मगुरू हातातली झांजेसारखी सिस्त्रा वाजवत डोलतात. इमारत बघायला दुपारी जा, पण एक तरी पहाट प्रार्थनेला द्या. तेवढ्यासाठी लांब जाणं पटतं.

काही व्यवहाराच्या गोष्टी. अकरा चर्चचं तिकीट एकच असतं आणि परदेशी माणसाला ते चांगलंच महाग पडतं. बूट प्रत्येक दाराशी काढायचे, तेव्हा नाड्यांचे बूट नकोत. मोजे मात्र घाला, कारण आतल्या जुन्या गालिच्यांत पिसवा असतात. काही चर्चवर अलीकडे उभारलेली मोठी छपरं आहेत. फोटोत ती खटकतात, पण पाऊस दगड खात होता.

अक्सुमला जाता येतं का? तिथे उरलंय काय?

अक्सुम टिग्रेत येतं. युद्ध थांबल्यावर विमानं पुन्हा सुरू झाली, पण टिग्रेतलं राजकारण अजून धगधगतं आहे. जाण्याआधी त्या आठवड्याची परिस्थिती बघा.

उरलंय ते जबरदस्त आहे. राजांच्या थडग्यांवर उभारलेले अखंड दगडी स्तंभ, त्यांवर खोट्या खिडक्या आणि दारं कोरलेली. सर्वांत मोठा ३३ मीटरचा. तो उभारतानाच कोसळला असावा असं मानतात आणि आज तुकड्यांत पडलेला आहे. दुसरा इटलीने १९३७ मध्ये रोमला पळवला, २००५ मध्ये परत केला आणि २००८ मध्ये तो मूळ जागी पुन्हा उभा राहिला. शेजारच्या मरियम सियोन चर्चच्या आवारात मोशेच्या आज्ञांची पेटी आहे अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. ती एकाच रक्षक साधूला बघता येते. आपण बाहेरून हात जोडायचे.

भारताशी या भागाचा व्यापार होता, तो नुसता ऐकीव नाही. अक्सुमच्या ईशान्येला देब्रे दामो नावाचा मठ उभ्या कड्यावर आहे. दोर धरूनच वर चढावं लागतं आणि बायकांना प्रवेश नाही. १९४० मध्ये तिथे कुषाण राजांची शंभरावर सोन्याची नाणी सापडली. आपल्याकडचं सुती कापड आणि लोखंडही तांबड्या समुद्रावरच्या अदुलिस बंदरात उतरायचं.

आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी मरू का?

उलट, युरोपपेक्षा सुखात राहाल. इथिओपियन ऑर्थोडॉक्स लोक बुधवार-शुक्रवार उपास करतात, शिवाय ईस्टरच्या आधी ५५ दिवस. त्यांच्या उपासाला मांस, अंडी, दूध, तूप काहीच चालत नाही. त्यामुळे ठिकठिकाणच्या हॉटेलांत त्या दिवशी आपोआप शाकाहारी जेवण असतं. फक्त एक शब्द पाठ करा: येत्सोम, म्हणजे उपासाचं. येत्सोम बेयायनेतू मागवलं की मोठ्या ताटात पसरलेल्या इंजेरावर (घावनासारख्या मोठ्या पोळीवर) दहा-बारा प्रकार येतात: मसुराची तिखट मिसिर वॉट, हळद घातलेली पिवळी डाळ, गोमेन म्हणजे पालेभाजी, बीट, बटाटा-कोबी. आणि शिरो! हरभऱ्याच्या पिठाचं, लसणाचा सढळ हात असलेलं, मातीच्या भांड्यात रटरटत येणारं हे म्हणजे आपलं पिठलंच, फक्त मसाला बर्बेरेचा, म्हणजे तिथल्या तिखट मिरची-मसाल्याचा.

इंजेरा तेफ नावाच्या बारीक धान्याच्या पिठाचा, आंबवलेला, मऊ आणि जाळीदार. पहिल्या दिवशी आंबटपणा जिभेला टोचतो, तिसऱ्या दिवशी त्याच्याशिवाय जेवण अळणी वाटतं. निदान माझं तसं झालं. खायचं उजव्या हाताने, सगळ्यांनी एकाच ताटात. यजमानाने स्वतःच्या हाताने घास भरवला तर लाजू नका. त्याला गुर्शा म्हणतात, तो मानाचा असतो आणि नाकारायचा नसतो.

दोन सावधगिऱ्या. येत्सोमच्या दिवशीही काही ठिकाणी मासे देतात, म्हणून "आसा" (मासा) नको असं सांगा. एरवीच्या दिवशी भाज्यांना मसाल्याचं तूप असतं, ते चालत असेल तर प्रश्नच नाही. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना मात्र खरंच अवघड आहे. त्यांनी दशम्या, खाकरे आणि मेतकूट न्यावं.

कॉफी प्यायला घाई करू नका. कच्चे दाणे समोर भाजतात, कांडतात, जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळतात आणि तीन फेऱ्या होतात: अबोल, तोना, बरका. पहिल्या फेरीनंतर उठणं बरं दिसत नाही. सोबत लाह्या असतात.

तिथे वर्ष आणि वेळ वेगळी असते म्हणे?

हो, आणि यात गाड्या चुकतात. त्यांचा दिवस सकाळी सहाला सुरू होतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. ड्रायव्हर "उद्या दोनला येतो" म्हणाला तर तो सकाळी आठला दारात उभा असेल. विमानाच्या तिकिटावर मात्र आपलीच वेळ असते. कुणाशीही वेळ ठरवताना "फरंजी (परदेशी) वेळ की हबेशा (इथिओपियन) वेळ?" एवढं विचारून घ्यायचं. कॅलेंडर सात-आठ वर्षं मागे आहे आणि महिने तेरा: तीस दिवसांचे बारा, शेवटचा पाच किंवा सहा दिवसांचा. नवं वर्ष ११ सप्टेंबरला. एकविसाव्या शतकाचं स्वागत त्यांनी सप्टेंबर २००७ मध्ये केलं.

सिमियन करावं की बाले?

देखाव्यात सिमियन. कडे असे तुटलेले की सह्याद्री आठवतोच, पण इथली उंची सह्याद्रीच्या दुपटीहून जास्त. चेनेकचा तळ ३,६०० मीटरच्या आसपास आणि रास दाशेन शिखर ४,५०० च्या वर. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, त्यावरून अंदाज घ्या. गेलाडांचे कळप तुमच्याकडे ढुंकूनही न बघता दोन हातांवर गवत खुडत बसलेले असतात. बंदूकधारी स्काउट सोबत घ्यावाच लागतो, हा उद्यानाचा जुना नियम.

पण सिमियन अम्हारात आहे. तिथे गडबड असेल तर दक्षिणेच्या बाले पर्वतात जा आणि हळहळू नका. २०२३ मध्ये बालेला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ४,००० मीटरवरच्या सानेत्ती पठारावर इथिओपियन लांडगा दिसण्याची शक्यता इतर कुठल्याही जागेपेक्षा जास्त. जगात हे लांडगे मोजके शेकड्यांतच उरलेत. कोल्ह्यासारखा तांबूस, लांब पायांचा हा प्राणी गवतात घुशींच्या बिळावर तासन्‌तास डोळे लावून बसतो. पठार संपलं की रस्ता हरेन्नाच्या शेवाळलेल्या जंगलात उतरतो. दोन तासांत गारठलेल्या माळावरून रानटी कॉफीच्या झाडांत!

दनाकिलला जायचं धाडस करावं का?

समुद्रसपाटीच्या शंभराहून अधिक मीटर खाली, मिठाची वाळवंटं, दाल्लोलचे पिवळे-हिरवे आम्लाचे कुंड, एर्ता अले ज्वालामुखी. दृश्य दुसऱ्या ग्रहावरचं. उष्णता जीवघेणी, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीच. एकट्याने जाताच येत नाही, स्थानिक संस्थेचा ताफा आणि परवाने लागतात. २०१२ मध्ये एर्ता अलेजवळ पर्यटकांवर हल्ला होऊन पाच जण मारले गेले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच पट्ट्यातला हायली गुब्बी ज्वालामुखी उसळला आणि त्याची राख वाऱ्यावर थेट दिल्लीच्या आकाशापर्यंत आली. तरुण, निरोगी आणि तक्रार न करणारे असाल तर जा.

नील नाईलचा धबधबा फोटोत असतो तसा असतो का?

बहुतेक वेळा नाही. तिस अबायच्या (हे धबधब्याचं तिथलं नाव) वरच्या अंगाला पाणी वीजकेंद्रांकडे वळवलं आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर सोडला तर एखादी धार दिसते. ताना सरोवरातले मठ मात्र कधीही बघावेत. उरा किदाने मेहरेतच्या भिंतींवर रंगवलेल्या कथा तासभर खिळवून ठेवतात.

ओमो खोऱ्यातल्या जमाती?

माझं मत कडू आहे. गाडी थांबते, मुर्सी बाया ओठातल्या तबकड्या लावून रांगेत उभ्या राहतात, पर्यटक प्रत्येक फोटोचे पैसे मोजतात आणि वीस मिनिटांत गाडी निघते. यात दोन्ही बाजूंनी काही कमावल्यासारखं मला वाटत नाही. जायचंच तर तुर्मी किंवा जिंकाच्या आठवडी बाजाराच्या दिवशी जा, स्थानिक गाइड घ्या, मुक्काम करा आणि कॅमेरा पिशवीत राहू द्या.

मलिक अंबर तिथलाच ना? त्याचं गाव बघता येईल?

तिथलाच. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ताकरविता झाला. त्याने वसवलेलं खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि कबर खुलताबादला. त्याचं नेमकं जन्मगाव कुणालाच ठामपणे सांगता येत नाही, त्यामुळे "मलिक अंबरच्या गावाची सहल" विकणाऱ्यापासून दूर राहा.

पूर्वेकडचं हरार बघा. पाच वेशींची तटबंदी, ८२ मशिदी, रंगवलेल्या गल्ल्या, भिंतभर टोपल्या टांगलेली घरं. रात्री वेशीबाहेर एक माणूस तरसांना नावाने हाका मारून मांस भरवतो. हिंमत असेल तर काडीच्या टोकाला तुकडा लावून तुम्हीही भरवू शकता. अदिसहून दिरे दावापर्यंत विमान, तिथून तासाभराचा रस्ता.

आणखी एक. सम्राट हाइले सेलासींच्या काळात हजारो भारतीय शिक्षक इथिओपियाच्या शाळांत शिकवायला गेले. साठीपुढचा माणूस भेटला आणि तुम्ही भारतातून आलात कळलं, की त्याला त्याचे गणिताचे सर आठवतात. गप्पा तिथून सुरू होतात.

पैसे कसे न्यायचे?

स्वच्छ, न दुमडलेले डॉलर आणि एक व्हिसा कार्ड. जुलै २०२४ मध्ये सरकारने बिर या तिथल्या चलनाचा दर मोकळा सोडला आणि बिर झपाट्याने घसरला, तेव्हा जुन्या गाइडबुकातल्या बिरमधल्या किमती विसरा. पैसे बँकेत बदला, पावती जपून ठेवा.

ड्रोन? सिम?

ड्रोन नेऊ नका, विमानतळावर जप्त होतो. इथिओ टेलिकॉम किंवा सफारीकॉमचं सिम पासपोर्ट दाखवून मिळतं. गडबडीच्या काळात इंटरनेट बंद पडतं, नकाशे आधीच उतरवून ठेवा.

सत्तरीच्या आईवडिलांना नेऊ का?

अदिस साधारण २,३५० मीटरवर आहे, लालिबेला २,५०० च्या आसपास. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. तब्येत ठणठणीत असेल तर अदिस, हरार आणि लालिबेला जमतं. लालिबेलात पायऱ्या ओबडधोबड आहेत, काठी न्या. उंचीमुळे अदिसमध्ये मलेरिया नसतो. सखल भागात जाणार असाल तर गोळ्यांचं विचारून घ्या.

आठ दिवसांची रजा आहे. काय धरू, काय सोडू?

अदिस दोन दिवस. राष्ट्रीय संग्रहालयात ३२ लाख वर्षांपूर्वीची लूसी, म्हणजे मानवपूर्वजाचा सांगाडा आहे, तिथले लोक तिला दिंकिनेश म्हणतात. समोर दिसते ती प्रतिकृती, मूळ हाडं तिजोरीत. दुपारी एन्तोतो टेकडी. मग परिस्थिती ठीक असेल तर विमानाने लालिबेला, तीन रात्री, कमी नको. उरलेल्या दिवसांत हरार किंवा बाले, दोन्ही नाही. लालिबेलाची विमानं बंद असतील तर तीच तिकिटं हरार आणि बालेकडे वळवा, आणि तसं करता यावं म्हणून देशांतर्गत तिकिटं बदलता येण्याजोगीच काढा.